कानडी नाव आणि प्रश्नचिन्हांची रांग

खानापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जळलेले एसएमपीएस (आतले वीजपुरवठ्याचे डबे) बदलणं, विंडोज टाकून देणं, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणं ही रोजची कामं. पोरांची तक्रार मात्र वर्षानुवर्षं एकच असते, "दादा, मॉड टाकला आणि गेम चालूच होईना." मॉड म्हणजे गेममध्ये आपण बाहेरून घातलेला बदल. गेम बहुतेक वेळा 'जीटीए सॅन अँड्रियास'. पीसीवर तो २००५ साली आला. जुन्या मशीनवरही पळतो, म्हणून आमच्याकडं अजून टिकून आहे. पोरं कुठून तरी जीप नाहीतर बुलेट उतरवून घेतात, मूळ फाइलवर नवी फाइल चिकटवतात, मूळची कॉपी कुणी ठेवलेली नसते. मग गेम काळ्या पडद्यावर थांबतो आणि मशीन माझ्या टेबलावर येतं. दुसऱ्याच्या मशीनवर काही टाकायचं तर ते परत काढताही आलं पाहिजे, हे मी तिथंच शिकलो.

म्हणून बेळगावच्या कॉलेजमधली पोरं त्यांचा बसचा मॉड घेऊन आली आणि "दादा, इन्स्टॉलर तुम्हीच करा" म्हणाली, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. इन्स्टॉलर म्हणजे मॉड मशीनवर बसवून देणारा प्रोग्राम. काम बघून जीव हरखला होता. गेममधल्या दोन बसच्या जागी त्यांनी आपल्याकडच्या दोन लाल बस बसवल्या होत्या, एक महाराष्ट्राची एसटी आणि एक वायव्य कर्नाटक परिवहनची. बेळगाव स्टँडवर या दोन्ही शेजारी शेजारी उभ्या असतात, तशाच. मागची लोखंडी शिडी, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा देवाचा फोटो, त्याला घातलेला झेंडूचा हार, काही सोडलं नव्हतं. पाट्या मराठीत आणि कानडीत. रस्त्याचा एक पट्टाच त्यांनी बदलून चौक, थांबे आणि मैलाचे दगड उभे केले होते.

आता जरा आतली गोष्ट सांगतो. या गेममध्ये गाड्यांचे आकार डीएफएफ फाइलींत असतात आणि त्यांच्यावरचे रंग-चित्रं टीएक्सडी फाइलींत. अशा हजारो फाइली 'जीटीए३ डॉट आयएमजी' नावाच्या एका मोठ्या पेटाऱ्यात २०४८ बाइटच्या कप्प्यांत बसवलेल्या असतात. एकच गाडी बदलायची असेल तर मॉडलोडर वापरा, असं मी स्वतः पोरांना सांगतो. तो पेटाऱ्याला हात न लावता वेगळ्या फोल्डरमधून फाइली उचलतो. पण इथं नकाशाच बदलला होता, आणि आठवी-नववीतल्या पोरानं डबल क्लिक करावं आणि बस चालवावी, एवढंच आम्हाला हवं होतं.

मूळ गेमला हात लावायचा नाही हे पहिल्याच बैठकीत ठरलं. इन्स्टॉलर गेमची वेगळी कॉपी करणार आणि सगळे बदल त्या कॉपीत करणार. गेमच्या फाइली वाटायचा आम्हाला अधिकार नाही, म्हणून आम्ही फक्त फरक द्यायचा. ज्याच्याकडं मूळ गेम आहे त्याच्याच फाइलवर तो फरक लावून नवी फाइल तिथंच तयार होते. त्यासाठी व्हीसीडिफ नावाची पद्धत आहे, २००२ पासून ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध आहे. फरक अगदी त्याच मूळ फाइलवर बसतो, एक बाइट इकडंतिकडं झाला तर नाही. या गेमच्या १.० आणि १.०१ अशा आवृत्त्या आहेत, स्टीमची आणखी निराळी. शिवाय बाजारात आवाज काढून बारीक केलेल्या कॉप्या फिरतात. म्हणून इन्स्टॉलर आधी प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ काढतो, म्हणजे फाइलीतला एक बाइट बदलला तरी बदलणारा चौसष्ट अक्षरांचा ठसा, तो आमच्या यादीशी ताडतो, आणि जुळला नाही तर काहीही न करता थांबतो. "तुमच्या कॉपीवर हा मॉड बसणार नाही" असं सरळ सांगतो, मराठीत आणि कानडीत.

इन्स्टॉलरसाठी मी इनो सेटअप घेतला. १९९७ पासूनचं साधन, फुकट, आणि आत पास्कलमध्ये आपला कोड लिहिता येतो. त्यात 'काढून टाकताना काय पुसायचं' याची यादी लिहितात. तिथं 'या फोल्डरमधलं सगळं' अशी एक ओळ लिहिली की काम झटकन होतं, आणि तीच ओळ घात करते. ड्राइव्हच्या मुळाशी टाकायची मुभा ठेवली आणि कुणी सरळ डी ड्राइव्हच्या मुळाशी मॉड टाकला, तर काढताना डी ड्राइव्हच पुसला जाईल. ही नुसती कल्पना नाही. १९९८ च्या डिसेंबरात 'मिथ २' नावाचा गेम नेमका याच कारणानं कंपनीला बाजारातून परत बोलवावा लागला होता. ड्राइव्हच्या मुळाशी टाकलेला तो गेम काढायला गेलं तर सगळा ड्राइव्ह साफ व्हायचा. ज्या घरात एकच कॉम्प्युटर आहे आणि त्याच डी ड्राइव्हवर बहिणीच्या लग्नाचे फोटो आहेत, त्या घरात असं झालं तर काय होईल, हे मला दुकानात बसून रोज दिसतं. आमच्या यादीत म्हणूनच एकेका फाइलीचं नाव आहे. यादी लांबलचक झाली. चालेल.

आता त्या दिवसाचं. जुलैचा महिना, खानापूरचा पाऊस. कणकुंबीच्या बाजूला तर धारच तुटत नव्हती. सकाळी नंदगडहून एक पोरगा आणि त्याचे वडील बसनं आले. सीपीयू खताच्या रिकाम्या प्लास्टिक पोत्यात गुंडाळून, वर सुतळी आवळलेली. वडील कानडी शाळेत शिक्षक. पंख्याचा आवाज येत होता, तेवढं बघायचं होतं. पंखा बदलून झाल्यावर पोराला टेबलावरच्या स्क्रीनवर लाल बस दिसली आणि तो तिथून हलेना. गेम त्याच्याकडंही होता, मूळ आणि १.० च. मी सरांना विचारलं, आमच्या इन्स्टॉलरची चाचणी तुमच्या मशीनवर घेऊ काय? "घ्या की, त्याचा हट्ट तरी संपेल," सर म्हणाले.

माझ्या टेबलावरच्या मशीनवर सगळं हिरवं होतं. इथंही ठसे जुळले, कॉपी झाली. आणि पहिला फरक लावायला गेल्याबरोबर लाल ओळ, 'फाइल सापडली नाही'.

"अण्णा, ही बघा की, फाइल इथंच आहे." पोरानं स्क्रीनवर बोट ठेवलं. खरंच होती. नाव तेच, आकार बरोबर. अँटिव्हायरसनं काही उचललं काय बघितलं, नाही. हार्ड डिस्कची तब्येत बघितली, ठणठणीत. मग लॉग, म्हणजे इन्स्टॉलरची नोंदवही, उघडला. इन्स्टॉलरनं दिलेला रस्ता, म्हणजे फाइलीचा पत्ता, नीट होता, पण फरक लावणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या हातात पडलेला रस्ता असा होता, 'सी:\यूजर्स\????????\अ‍ॅपडेटा\लोकल\टेम्प'. मधे नुसती प्रश्नचिन्हांची रांग.

मी सरांना विचारलं, "हे विंडोज कुणी टाकलं?" सर म्हणाले, "मीच. नाव विचारलं, मी माझं नाव घातलं." कानडी लिपीत. विंडोजनं त्याच नावाचा फोल्डर केला होता.

जुने प्रोग्राम अक्षरं ओळखायला विंडोजची कोडपेज नावाची तक्ती वापरतात. इंग्रजीची तशी तक्ती आहे, रशियनची आहे, अरबीची आहे. कानडीची आणि देवनागरीची, अशा प्रोग्रामना वापरता येईल अशी, नाही. देवनागरी विंडोज २००० मध्ये आणि कानडी विंडोज एक्सपीमध्ये आली, ती थेट युनिकोडमधूनच, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या एकाच मोठ्या तक्तीतून. त्यामुळं युनिकोड न समजणाऱ्या प्रोग्रामला आपलं नाव दिलं की विंडोज प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून देतं. आणि विंडोजमध्ये फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. म्हणजे तो प्रोग्राम असा रस्ता शोधत होता, जो जगातल्या कुठल्याच मशीनवर असू शकत नाही. गेम ज्या डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करतो तो फोल्डर सरांनी पूर्वीच डी ड्राइव्हवर हलवून घेतलेला होता, म्हणून मूळ गेमची कधी अडचण झाली नव्हती.

बेळगावला फोन लावला. पलीकडून लगेच उत्तर, "दादा, इंग्लिश नावानं नवीन यूजर काढून द्या, संपला विषय."

विषय संपत नव्हता. त्या मशीनवर सरांची वर्षाची टाचणं होती, मार्कांच्या शीट्स होत्या, सगळं त्यांच्या नावाखाली. आमची बस चालावी म्हणून त्यांनी आपल्याच मशीनवर आपलं नाव बदलायचं? मी फोनवर स्पष्ट सांगितलं, मशीन जसं आहे तसं राहणार, इन्स्टॉलर बदलणार. सीमाभागात आपण पाटीवरच्या अक्षरासाठी किती जीव टाकतो हे त्या पोरांना मी वेगळं सांगायची गरज नव्हती. पलीकडं क्षणभर शांतता झाली, मग "बरोबर आहे दादा" आलं.

विंडोज १० च्या २०१९ च्या आवृत्तीपासून अशा प्रोग्रामला यूटीएफ-८ (युनिकोड लिहायचीच एक पद्धत) वापरायला सांगता येतं. पण आमच्या तालुक्यात विंडोज ७ ची मशीनं अजून ढीगभर आहेत, त्यांना त्याचा उपयोग नाही. दुसरा मार्ग असा, की त्या प्रोग्रामला रस्ता सांगायचाच नाही. इनो स्वतः युनिकोड जाणतो, म्हणून कॉपी करणं, फोल्डर बनवणं ही कामं त्यानंच करायची. छोटा प्रोग्राम आणि फरकाच्या फाइली टेम्पमध्ये न टाकता थेट मॉडच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, इनोनं त्याला त्याच फोल्डरमध्ये उभं करून चालू करायचं, आणि हातात फक्त तीन आखूड इंग्रजी नावं द्यायची. जुनी फाइल, फरक, नवी फाइल. तो आपल्या पायाखालच्या फोल्डरमधलीच फाइल उघडतो, त्या फोल्डरचं पूर्ण नाव काय आहे हे त्याला कधी विचारावंच लागत नाही. कोडमध्ये बदल मोजक्या ओळींचा होता. जेवणाच्या सुट्टीत सर नोटीस द्यायला पंचायतीत जाऊन आले तोवर नवा इन्स्टॉलर तयार होता.

चालवला. पहिला फरक लागला, हिरवा. दुसरा हिरवा. मोठ्या पेटाऱ्याचं काम अर्ध्यावर आलं आणि लाईट गेली.

टेस्टिंगचं टेबल मी मुद्दाम यूपीएसवर लावत नाही. पावसाळ्यात आमच्या गिऱ्हाइकाच्या घरी जे होणार ते माझ्या दुकानात आधी व्हावं. पोराचा चेहरा मात्र उतरला. "गेला काय हो गेम?" मी म्हटलं, थांब, बघू. लाईट यायला वेळ लागला. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की बोलणं ऐकू येत नव्हतं, तिघांनी चहा घेतला.

लाईट आल्यावर इन्स्टॉलर पुन्हा चालवला. आमची रीत अशी, की नवी फाइल आधी तात्पुरत्या नावानं बनते. पूर्ण झाली, ठसा जुळला, की मगच तिला खरं नाव मिळतं. त्यामुळं अर्धवट फाइल खऱ्या नावानं कधीच बसत नाही. दोन फरक आधीच लागलेत हे त्यानं ओळखलं आणि ते सोडून पुढं गेला, अर्धवट पेटारा टाकून दिला आणि नव्यानं बांधला. शेवटचा ठसा जुळला.

मग मी उलटी चाचणी घेतली. मॉडचा फोल्डर सरांच्या डेस्कटॉपवर कानडी नावाच्या फोल्डरमध्ये टाकून बघितला, चालला. देवनागरी नावाच्या फोल्डरमध्ये टाकला, चालला. त्यात मी पोराच्या एका चित्राची फाइल मुद्दाम ठेवली आणि मॉड काढला. मॉड गेला, चित्र तिथंच. मूळ गेमच्या फाइलींचे ठसे सकाळच्या यादीशी ताडले, एकही हलला नव्हता. सरांना मी ती यादी दाखवली. त्यांनी वर्गात हजेरी घ्यावी तशी ओळीवर बोट ठेवून दोन-चार ठसे स्वतः वाचून बघितले आणि "मग परत घाला आता" म्हणाले.

एक गोष्ट त्या दिवशी सरांपाशीही बोललो, इथंही लिहितो. डिजिटल सही नसलेला इन्स्टॉलर चालवताना विंडोज निळी खिडकी दाखवून अडवतं. सहीचं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं, पोरांच्या खिशाला ते परवडत नाही. म्हणून आम्ही इन्स्टॉलरचा ठसा सोबत देतो आणि तो कसा ताडायचा ते लिहून देतो. अँटिव्हायरस बंद करा, असं मात्र आमच्या सूचनांत कुठंही नाही आणि येणारही नाही. पेनड्राइव्हवरून गावोगाव फिरणारी मशीनं आहेत ही, त्या एका वाक्यानं किती घरांत व्हायरस शिरलाय ते माझ्या टेबलानं बघितलंय.

संध्याकाळी पोरानं बस चालवली. वायव्य कर्नाटकची घेतली, स्टँडमधून काढली, चौकात वळवली, थांब्यावर थांबवली, खाली उतरून पुढं जाऊन पाटी वाचली. मग वळून विचारलं, "अण्णा, नंदगडची बस नाही काय ह्यात?"

नव्हती. खानापूरची होती, निपाणीची होती, कोल्हापूरची होती. मी बेळगावला परत फोन लावला आणि फोन त्याच्याच हातात दिला. पाटीचं चित्र कुठल्या टीएक्सडीत आहे ते पलीकडच्यानं त्याला समजावलं, आणि नंदगड कानडीत कसं लिहायचं ते यानं त्याला सांगितलं. दोघांचं बोलणं बराच वेळ चाललं. सर घड्याळ बघत होते, शेवटची बस गाठायची होती. मी सीपीयू पुन्हा पोत्यात गुंडाळला, सुतळी आवळली, पंख्याचे तेवढे पैसे घेतले.

पुढच्या आवृत्तीत नंदगडची पाटी आहे. चाचणीच्या यादीत आता कानडी नावाचा एक यूजर आणि देवनागरी नावाचा एक यूजर कायमचे घातलेत, आणि त्या दोन्ही ठिकाणी हिरवं आल्याशिवाय इन्स्टॉलर दुकानाबाहेर जात नाही.