पॅनल क्रमांक ३ : आठवडा चौथा

फोटो ट्रान्सफर, म्हणजे छापील फोटो बोर्डावर पालथा चिकटवून, मागचा कागद चोळून काढून नुसतं चित्र उतरवणं, एकदाचा जमला, तिसऱ्या खेपेला. आधीच्या दोन्ही वेळा उतावळेपणा नडला. जेल मीडियम (चिकटवायला वापरतात तो ॲक्रिलिकचा घट्ट, पारदर्शक लेप) वरून कोरडं लागलं की मी लगेच ओलं फडकं घेऊन बसायचे. आतला थर ओलाच असायचा आणि कागदाबरोबर चेहऱ्याचा अर्धा गाल निघून यायचा. या खेपेला बोर्ड रात्रभर आडवा ठेवला. सकाळी पाणी फवारलं, जरा थांबले आणि बोटाच्या पोटाने गोल गोल चोळत गेले. कागदाच्या बारीक वळ्या सुटत जातात आणि खालून डोळा वर येतो, तो क्षण मला अजूनही जादूसारखा वाटतो. ओलं असताना सगळं स्वच्छ दिसतं, वाळलं की उरलेल्या कागदाची पांढुरकी साय परत हजर! ती तीनदा काढली. उरलीसुरली मॅट (चमक नसलेल्या) मीडियमच्या पातळ थराखाली दिसेनाशी झाली.

शनिवारच्या वर्गात हेच करायला घेतलं आणि निम्म्या जणांचे प्रिंट इंकजेटचे निघाले. लेझरचेच आणा, हे सांगायला मीच विसरले होते. लेझरचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची पूड, ती मीडियमला धरून राहते; इंकजेटची शाई मात्र पहिल्याच पाण्यात पसरली. एका आजींच्या फोटोचा जांभळा ढग झाला. त्यांनी शांतपणे त्यावर ऑइल पेस्टलच्या रेघा ओढल्या आणि वरून पाणीदार ॲक्रिलिक फिरवलं. रंग रेघांवरून घरंगळून थेंबाथेंबाने साचला, अगदी काचेवरच्या पावसासारखा. तेलकट थरावर ॲक्रिलिक नीट धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतील, असं मी बजावलं. “मी तरी कुठे कायमची आहे?” म्हणाल्या. यावर काय बोलणार! दुसऱ्या एकाच्या चित्रातली पाटी उलटी उमटली. अक्षरं असतील तर प्रिंट आरशातल्यासारखा उलटा काढायचा, हेही राहिलंच होतं सांगायचं.

वर्तमानपत्राचे तुकडे थेट चिकटवणं मी सोडलंय. त्यातल्या लिग्निनमुळे (लाकडातून येणाऱ्या घटकामुळे) कागद पिवळा पडतो, आणि वरून कितीही मीडियम लावलं तरी ते थांबत नाही. ब्राक आणि पिकासो या चित्रकारांनी १९१२ च्या सुमारास चित्रांत चिकटवलेली वर्तमानपत्रं आज तपकिरी दिसतात. त्यांना ते शोभतं. मी आम्लरहित कागदावर लेझर प्रत काढून तीच वापरते.

आता दुखणं पॅनलचं. पुढच्या बाजूला जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात, वर कागदाचे थर, वर मीडियम. वाळताना सगळं आकसलं आणि पातळ बोर्ड पुढच्या बाजूला वाकला. टेबलावर पालथा ठेवला तर मधोमध बोट जातं. वजनाखाली दोन दिवस ठेवून पाहिला, काढल्यावर तासाभरात पुन्हा कमान. पाठीला तसाच कागद, तसंच मीडियम लावलं तर दोन्हीकडचा ताण बराचसा सारखा होईल. हे मी वर्गात दर वेळी सांगते, स्वतः मात्र पुढची बाजू रंगवायच्या घाईत विसरते. क्रमांक ४ चा बोर्ड कोराच आहे, त्याच्या मागे पेन्सिलने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय : “आधी पाठ.”