हरिकेनचा पुढचा कॅम बुश: आवाज गेला, प्रेशर तिथंच

माझ्या जुन्या जीपचं इंजिन पुढून खडखडायचं, म्हणून ते उघडलं. रेडिएटर, पंखा, टायमिंग कव्हर मागच्या रविवारीच उतरलं होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुलीच्या नटानं तेवढा दीड तास खाल्ला. नागपूरच्या मे महिन्यात काम सकाळी साडेपाच ते नऊ एवढंच. नंतर पाना हातात धरवत नाही आणि पोर्चमधला कूलर नुसता गरम वारा फेकतो.

गाडी महिंद्राची सीजे ३बी, इंजिन हरिकेन एफ १३४. तक्रार अशी की गरम झाल्यावर पुढून, टायमिंग गेअरच्या बाजूनं, खडखड यायची. तिघांनी तीन निदानं केली: पंप, मेन बेअरिंग, ‘जुनी गाडी आहे, चालतंच’. कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; त्याचा गेअर हातानं वरखाली हलवला तेव्हा तो चक्क डुलला.

या इंजिनात कॅमला चार जर्नल, म्हणजे टेकून फिरणारे गोल भाग, असतात. पुढचं सगळ्यांत जाड, मागं जाताजाता बारीक. बुश (जर्नलभोवतीची धातूची नळी) मात्र फक्त पुढच्यालाच. बाकीची तीन सरळ ब्लॉकच्या बिडात फिरतात. दुकानात ‘चारचा सेट’ दाखवला तर समजा की तो दुसऱ्या इंजिनाचा आहे. मी घेता घेता वाचलो.

कॅम ओढण्याआधी फ्युएल पंप आणि ऑइल पंप काढावे लागतात, कारण दोघंही कॅमवरच चालतात. खरी कटकट टॅपेटची, म्हणजे कॅमवर बसून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या खुंटांची. त्यांची बुडं छत्रीसारखी रुंद, त्यामुळे ते वरून निघत नाहीत. पुश रॉड आणि एक्झॉस्टच्या स्प्रिंगा काढून आठही टॅपेट कॅमच्या आड येऊ नयेत म्हणून वर उचलले आणि आईचे कपडे वाळवायचे लाकडी चिमटे लावून अडकवले. प्लॅस्टिकचे तेलात घसरतात. स्प्रिंगा काढण्याआधी साइड कव्हरच्या आतली तेलाची भोकं चिंधीनं बंद करा, नाहीतर स्प्रिंगचं एखादं लॉक थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत, जातं. माझं एक गेलं. चेंबर उतरवावंच लागलं.

कॅम बाहेर आला आणि भानगड दिसली. बुश जागेवर फिरलेला होता, तेलाचं भोक अर्धं झाकलेलं. आधी कोणीतरी बसवताना पंच मारून तो अडकवलाच नव्हता. तेल पोचत नव्हतं, म्हणून खालची बाजू पार घासून पितळी दिसायला लागली होती.

नवा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये, बर्फाच्या ट्रेशेजारी. हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून पायरीचा ड्रिफ्ट (बुश ठोकून बसवायचा दांडा) करून आणला होता. मी हातोडी उचलली तसे मिस्त्रीकाका म्हणाले, “भाऊ, घाई काहून करून राहिले? पहिले भोक तं जुळवा. फाटला तं दुसरा कुठून आणसान?” बुशवर आणि ब्लॉकवर मार्करची रेघ ओढली, मग ठोकला. भोकातून तार आरपार गेली तेव्हाच पंच मारला.

बसल्यावर बुश आवळला आणि कॅम जाईना. रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) घालायचा माझा विचार होता. काकांनी ब्लू (कुठं घासतंय ते दाखवणारा निळा रंग) लावून स्क्रेपरनं घासायला बसवलं. दोन सकाळी गेल्या. क्लिअरन्स एक ते अडीच थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हवा, माझा दोनवर आला. थ्रस्ट प्लेटचा एंड प्ले (कॅमची पुढंमागं हालचाल) पाच थाऊ, म्हणजे चार ते सातच्या आतच. तिसरं जर्नल थोडं सैल आहे, पण त्यासाठी अख्खा ब्लॉक बोअर करायला मी तयार नाही.

जोडताना गेअरवरची टायमिंगची टिंबं पहिल्याच फटक्यात जुळली. ऑइल पंपानं मात्र रडवलं. डिस्ट्रिब्युटर त्याच्याच शाफ्टवर फिरतो आणि खाच मध्यापासून सरकलेली असते. एक दात चुकला तरी बसत नाही. चौथ्या वेळी बसला. टॅपेटची फट थंड इंजिनावर: इनलेट १८ थाऊ, एक्झॉस्ट १६.

काल सेमिनरी हिल्सचा चढ दोनदा चढवला. खडखड गेली. गरम झाल्यावर आयडलला तेलाचं प्रेशर मात्र पूर्वीइतकंच, दहा पौंडांच्या खालीच घुटमळतंय. पुढच्या रविवारी रिलीफ व्हॉल्व्हची (जादा प्रेशर सोडणारा) स्प्रिंग काढून बघतो. आईला नवे चिमटेही आणून द्यायचे आहेत.