भिंती वाळेपर्यंत

सोमवार, रात्री

पाऊस ओसरून दसरा तोंडावर आला की नव्या घरात आलेल्या माणसाला पहिली घाई असते रंगाची. बेळगावच्या भिंतींना ही घाई मानवत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेचा वारा पाऊस आडवा मारतो, आणि खानापूर-जांबोटीकडे जाल तसा तो वाढतच जातो. जांभ्या चिऱ्याची किंवा जुन्या विटेची भिंत हे पाणी महिनोन्‌महिने पीत राहते. पुरती भिजलेली भिंत वाळायला जुने गवंडी जाडीच्या इंचाला महिना धरतात. दसऱ्याला ती वरून कोरडी दिसते, हात लावला तर कोरडी लागतेही; पण आत ओल शिल्लक असते. तिच्यावर प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते. पुढे ऊन तापलं की ती बाहेर पडायला बघते, रंगाला फुगे येतात आणि पापुद्रे सुटायला लागतात.

भिंत खरंच ओली आहे का, हे बघायचा सोपा उपाय आहे. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय. दव खोलीच्या बाजूने धरलं तर भिंत निर्दोष आहे, खोलीत हवा खेळत नाही एवढंच. पहिल्यासाठी थांबावं लागतं, दुसऱ्यासाठी खिडकी उघडली की झालं. पश्चिमेची आणि न्हाणीघराला लागून असलेली, अशा दोन भिंती तरी तपासाव्यात.

वाट बघण्याचा हा काळ वाया जातो असं मला वाटत नाही. घर बघून घ्यायला एवढी सवड नंतर मिळत नाही. सामान लावून झालं की नजर सामानावरच राहते.

मंगळवार

आज खडू.

रिकाम्या फरशीवर उन्हाची चौकट जिथे पडते तिथे खडूने रेघ मारायची आणि बाजूला वेळ लिहायची. सकाळी आठ, दुपार, संध्याकाळी चार. दुपारची रेघ बरोबर बाराला मारू नये. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि बेळगाव साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास, त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर यायला सरासरी अर्धा तास उशीर होतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह सव्वाबाराला होते, फेब्रुवारीत पाऊण वाजायच्या सुमारास.

या रेघा एका आठवड्यातही सरकलेल्या दिसतात. वर्षभरात सूर्योदयाची जागा इथे ठीक पूर्वेपासून दोन्ही बाजूंना साधारण चोवीस अंश सरकते. म्हणून ज्येष्ठात ज्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट येत होतं, तिच्यातून पौषात ते येईलच असं नाही. दक्षिणेच्या खिडकीचं उलट आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल आणि वर छज्जा नसेल, तर डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचं ऊन पावणेसहा फूट आत येतं. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा त्याच खिडकीत दुपारचं ऊन अजिबात नसतं. थंडीत बसायचा पाट, वाचायची खुर्ची, वाळवणाचं सूप कुठे ठेवायचं हे या एका आकड्यावरून ठरतं. पुस्तकांचं कपाट मात्र तिथे नको, कारण उन्हाने पुस्तकांच्या पाठी विटतात.

कौलारू घर असेल तर याहून मोठा आनंद छपरात आहे. मंगळुरी कौलांमध्ये एक-दोन काचेची कौलं असतातच, फक्त त्यांच्यावर पावसाळ्याचं शेवाळ आणि धूळ बसून ती काळी पडलेली असतात. ती खालून काढून नुसत्या पाण्याने आणि काथ्याने घासली की खोली वेगळी दिसते. उत्तरेच्या उतारावरचं काचेचं कौल वर्षातला बराच काळ मऊ, सारखा उजेड देतं, तिथे लिहायला किंवा शिवायला बसावं. दक्षिणेच्या उतारावरचं कौल कवडसा टाकतं. बारा फुटांवरून पडलेला कवडसा दुपारच्या सुमारास तासाला तीन-साडेतीन फूट सरकतो. तो भिंतीवर कधी चढतो, देवळीवरून कधी जातो, हे लहान मुलांना एकदा दाखवलं की ती रोज बघतात.

नवीन काचेचं कौल आणायचं तर घरातलं एक जुनं कौल पिशवीत घालून दुकानात न्यावं. खोबणी आणि नाक कंपनीगणिक थोडं वेगळं असतं. न जुळणारं कौल बसल्यासारखं दिसतं, पण पहिल्या आडव्या पावसात तिथूनच गळतं. जुनं कौल उलटं करून छापही वाचावा. मंगळुरात जेप्पूला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो 1865 साली. पुढे तसल्याच घडणीची कौलं अनेकांनी काढली आणि प्रत्येकाने आपलं नाव कोरलं. एकाच छपरात चार नावं सापडली, तर ते छप्पर कुठेकुठे दुरुस्त होत आलं हे कळतं. मला हे वाचन फार आवडतं.

गुरुवार

फरशीबद्दल थोडंच. तांबड्या ऑक्साइडचा कोबा असेल तर ॲसिड लांब ठेवावं. ॲसिडने डाग जातो, त्याच्याबरोबर वरची घोटलेली साय जाते आणि तो भाग कायमचा पांढुरका राहतो. साध्या पाण्याने पुसून, कोरडा झाल्यावर बादलीभर पाण्यात खोबरेल तेलाचे पाच-सहा थेंब टाकून पुन्हा एकदा पुसावं. त्याहून जास्त तेल घातलं तर पाय घसरतो. शहाबादी फरशी चुनखडीची असते, तिला लिंबू आणि व्हिनेगरही चालत नाही. कोब्याच्या भेगा रंगीत सिमेंटने भरू नयेत. रंग कधीच जुळत नाही, भेग मात्र ठळक होते. केसाएवढी भेग तशीच असू द्यावी.

शनिवार

पश्चिमेची सोडून बाकीच्या भिंती वाळल्या असतील तर चुना लावायला हरकत नाही. अशा घराला चुनाच का? तो ओल आत-बाहेर जाऊ देतो, फुगत नाही आणि दरवर्षी घरच्या घरी लावता येतो. शिवाय कंदिलाच्या किंवा सकाळच्या तिरप्या उजेडात चुन्याच्या भिंतीवर कुंच्याचे फटकारे दिसतात, तो उजेड भिंतीत मुरल्यासारखा वाटतो. डब्यातल्या रंगाने हे होत नाही.

आधी भिंतीवर पाण्याचा हबका मारून बघावा. पाणी शोषून भिंत काळवंडली तर चुना धरेल. पाणी थेंब-थेंब होऊन ओघळलं तर खाली ऑइल पेंट किंवा डिस्टेंपर आहे. तो खरवडल्याशिवाय चुना टिकत नाही, महिन्याभरात हाताला लागतो. पांढरा लोणा आला असेल तर तो कोरड्या झाडूने झाडून सुपलीत गोळा करून बाहेर टाकावा. धुवू नये. पाण्याबरोबर क्षार परत भिंतीत जातात आणि वाळताना पुन्हा वर येतात.

चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, एक किलोला पाणी पाच लिटर. लोखंडी पिंप किंवा मातीचा मोठा रांजण घ्यावा. कळी फुटताना पाणी उकळतं, प्लास्टिकची पातळ बादली वाकते. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलट केलं तर चुना अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. डोळ्यात उडालाच तर नळाखाली धरून भरपूर पाण्याने धुवावा आणि थेट डॉक्टरांकडे जावं. चोवीस तास मुरू द्यावं, मधूनमधून काठीने ढवळावं आणि जुन्या धोतराच्या कापडातून गाळावं. गाळताना कंटाळा केला तर न फुटलेले कण भिंतीवर जातात, मागाहून फुलतात आणि तिथे खड्डे पडतात.

गाळलेल्या दहा लिटरला वीसेक ग्रॅम डिंक, गरम पाण्यात विरघळवून. पांढरेपणासाठी नीळ घालायची तर किलो चुन्याला तीन ग्रॅमच्या वर नको, आणि तीही वेगळ्या पाण्यात कालवून फडक्यातून गाळून घालावी, नाहीतर भिंतीवर निळ्या रेघा उमटतात.

चुना दुधाइतका पातळ हवा. भिंत ओली करायची, पहिला हात उभा, दुसरा आडवा, मध्ये एक दिवस. नव्या गिलाव्याला तीन हात, जुन्या चुन्यावर एक किंवा दोन. लावताना चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि माणसाचा धीर सुटतो. मग दाट कालवून एकाच हातात काम उरकतात. दाट थराला भेगा जातात आणि तो भुकटी होऊन गळतो. धीर धरला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत आपोआप पांढरी झालेली असते.

रंग हवा असेल तर मातीचे रंग घ्यावेत: काव, पिवळी माती. किलो चुन्याला पन्नास ग्रॅमपर्यंत. ओला रंग गडद दिसतो, वाळल्यावर बराच फिका होतो, म्हणून दाराआडच्या कोपऱ्यात हातभर जागा रंगवून एक दिवस बघावी. हळद घालू नये. चुना लागताच ती लाल होते, कुंकू याच गुणावर करतात, आणि उन्हात हा रंग टिकत नाही.

एक गोष्ट अगदी करावी. कोनाड्याच्या आत काव आणि बाहेर पांढरा. सहा-आठ इंच खोलीचा साधा कोनाडा आतून तांबडा झाला की त्यात पितळेची समई, गोकाकची लाकडी फळं, काहीही ठेवा, उठून दिसतं. एक वस्तू पुरते. तीन ठेवल्या की तो कोनाडा फडताळ होतो.

रविवार

खिळे. जुना गिलावा इंचभर जाड असतो, त्याच्या आत चिरा. दीड इंची खिळा गिलाव्यातच राहतो आणि तसबीर खाली येते. दोन इंची स्क्रू घ्यावा. ड्रिलचा हातोडा बंद ठेवावा, भोक सांध्यात न पाडता दगडात पाडावं. त्याआधी घरातल्या जुन्या खुंट्या मोजाव्यात, बहुतेक वेळा त्या पुरतात.

दिवे घेताना दुकानदार न विचारता 6500 केल्विनचा पांढराफटक बल्ब देतो. चुन्याच्या भिंतीला 2700 किंवा 3000 केल्विनचा पिवळसर हवा, तो मागून घ्यावा. नऊ वॉटचा दिवा छताला टांगण्यापेक्षा भिंतीपासून वीतभर अंतरावर लावला तर भिंतच उजेड देते.

बुधवार

आज दारापुढचं. गुळगुळीत टाईलवर गेरू धरत नाही, पायाबरोबर घरभर येतो. तिथे शहाबादीचा दोन फुटांचा तुकडा बसवून त्यावर गेरू द्यावा. रांगोळी बोटातून सरळ सुटत नसेल तर तीन वाट्यांना एक वाटी चाळलेली बारीक रेती मिसळावी. पावसाळ्यात साठवलेली रांगोळी ओल धरून गठ्ठा होते, तासभर उन्हात टाकली की सुटी होते.

कुंड्या खानापूरच्या मातीच्या घ्याव्यात. त्या भागाला कुंभारकामाची परंपरा आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथेच आहे. बोटाच्या पेराने कुंडी वाजवायची. खणखणीत आवाज आला तर घ्यायची, बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. नवी कुंडी बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात बुडवून ठेवावी; कोरडी वापरली तर ती झाडाचं पाणी आधी स्वतः पिते. भोकावर खापरीचा तुकडा, मग तांबडी माती दोन भाग, मुरलेलं शेणखत एक, जाड रेती एक. अबोली आणि शेवंतीला हे मानवतं. थंडीत पूर्वेचा कोरडा वारा सुटला की मातीची कुंडी बाजूंनीही सुकते, तेव्हा बोट खुपसून बघूनच पाणी घालावं.

कापड सगळ्यात शेवटी, चुना अंगाला लागेनासा झाल्यावर. आपल्याकडे वडगाव-शहापुरात माग चालतात, आणि बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण बाजारात सहज मिळतो. खणाचा पन्हा अरुंद, साधारण एकतीस इंच. तीन फुटी खिडकीच्या पडद्याला चुण्या नीट पडायला साडेचार ते सहा फूट रुंदी हवी, म्हणजे दोन पन्हे. उंचीत वर तीन इंच, खाली चार, आणि आटायला आणखी तीन धरावे. मागे मांजरपाटाचं अस्तर लावावं. अस्तराशिवाय पश्चिमेच्या खिडकीतला खण एका उन्हाळ्यात विटतो, आणि तो रंग परत येत नाही.

उरलेले तुकडे वाकळीला जातात. जुन्या सुती लुगड्याचे तीन थर, कडेने सुरुवात करून आत आत येणारा धावदोरा, टाका पाव इंचाचा. खानापूर-हल्याळकडच्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका आपल्या कवंदीला (त्यांची वाकळ) कोपऱ्यांवर कापडाची तिकोनी घडी घालून फुलं लावतात, ती जरूर बघावीत. नवा खण न धुता जुन्या लुगड्यात बसवला तर पहिल्याच धुण्यात तो आटतो, भोवतीचं कापड ओढतो आणि वाकळ तिथे गोळा होते. म्हणून खणाचे तुकडे आधी गार पाण्यात वेगळे धुवावेत, पाणी स्वच्छ निघेपर्यंत, आणि सावलीत वाळवूनच कात्री लावावी.