साक्षीदार की जामीनदार?

तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेत मी कर्जाचं टेबल सांभाळते. आमचे करारनामे इंग्रजीत छापलेले. शेवटच्या पानावर तीन रकाने: बॉरोअर, गॅरंटर, विटनेस. पहिला बहुतेकांना कळतो. गोंधळ होतो तो पुढच्या दोघांत, कारण दोघंही शब्दाखातर आलेले असतात आणि घरून निघताना दोघांनाही एकच सांगितलेलं असतं, "फक्त एक सही हवीय."

मार्चअखेरची गर्दी होती. एसटीतून निवृत्त झालेले एक चालक भाच्याबरोबर आले. भाच्याला गाई घ्यायच्या होत्या, सहा लाखांचं प्रकरण. मामांनी चष्मा लावला आणि गॅरंटरच्या रकान्यावर पेन टेकवलं.

"काका, सही कोण म्हणून करताय?" मी विचारलं.

"साक्षीदार म्हणून की."

भाच्यानंही मान डोलावली. तो फसवत नव्हता, त्यालाही तसंच वाटत होतं.

मी कागद माझ्याकडे ओढला. मागे रांग कुरकुरत होती, तरी सगळं नीट सांगितलं. विटनेस म्हणजे साक्षीदार. सही आपल्यासमोर झाली, एवढंच तो सांगतो. करारात काय आहे हे त्याला ठाऊक नसलं तरी चालतं आणि कर्ज थकलं तर त्याच्या दारात कुणी जात नाही. गॅरंटर म्हणजे जामीनदार. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं ठरलं नसेल तर कर्जदाराचं जेवढं देणं तेवढंच जामीनदाराचं. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असंही जामीनदाराला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलंय. भरलेले पैसे कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क कायदा देतो खरा, पण सख्ख्या भाच्यावर दावा लावणारे मामा मी तरी पाहिलेले नाहीत.

"म्हणजे माझी बचतसुद्धा?"

"हो. तीसुद्धा."

मामा गप्प झाले. भाचा मामांपेक्षा जास्त घाबरला होता. "मामा, राहू द्या," म्हणाला.

जामीन राहण्यात वाईट काही नाही. आमच्याकडची किती तरी गोठे आणि दुकानं अशा सह्यांवर उभी आहेत. पण आपण जामीन राहतोय हे सही करणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे, आणि ते सांगणं माझं काम आहे, रांग कितीही लांब असो.

दुसऱ्या दिवशी दोघं परत आले, सोबत मामी. रात्री घरी हिशेब झाला होता. सुरुवातीला गाई कमी घ्यायच्या, कर्ज चार लाखच. मामांनी गॅरंटरच्या रकान्यात सही केली आणि शेजारी मराठीत ठळक 'जामीनदार' लिहिलं.

विटनेसचा रकाना रिकामा होता. मामींनी पेन मागून घेतलं. "इथं नुसतं पाहिल्याची सही ना?" त्यांनी एकदा विचारून घेतलं, आणि मग केली.