दुसरं पातं सापडलं

गेल्या मंगळवारी संध्याकाळी करंगळीच्या नखाएवढा काळा रबराचा तुकडा बादलीत पडला. तो धुतला, बोटीच्या मोटरीतल्या जुन्या इम्पेलरच्या (इंजिन थंड ठेवायला पाणी वर ढकलणारा पंपातला रबरी पंखा) तुटक्या कडेला लावून बघितला. अगदी बरोबर बसला. मी इतक्या मोठ्यानं हाक मारली की आई गॅसवरचा चहा सोडून मागच्या अंगणात धावत आली.

इम्पेलर बदलल्याचं मागच्या नोंदीत लिहिलं होतं, ते सगळं नव्यानं सांगत नाही. जुन्या इम्पेलरच्या सहापैकी दोन पाती तुटली होती. एक पंपाच्या केसिंगमध्येच मिळालं, दुसरं पाण्याबरोबर वाहून गेलं असणार असं धरून मी नवा इम्पेलर बसवला. ती नोंद वाचून आपल्यातल्या एकानं तेव्हाच विचारलं होतं, "दुसरं कुठाय?" प्रश्न बरोबर होता. पातं मोटरीतच होतं.

नवा इम्पेलर घातल्यावर घरी दोनशे लिटरच्या पिंपात मोटर अर्धा तास चालवली होती. टेलटेलची (थंड करणारं पाणी फिरतंय हे दाखवणाऱ्या बारीक भोकाची) धार जोरात, सिलिंडर हेडवर इन्फ्रारेड गन लावली तर ६० अंशांच्या आसपास. त्याच भरवशावर कार्तिकातल्या अष्टमीला रात्री अडीचला मी आणि दाजी बोट ट्रेलरवर घेऊन बेळगावच्या अनगोळातून निघालो. शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला. रेल्वे येण्याआधी बेळगावच्या कॅम्पाचा माल बंदरातून याच रस्त्यानं घाट चढायचा. ट्रेलर ओढत आंबोली उतरताना दर वेळी मला ते आठवतं.

सकाळी मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा, पाणी तेल ओतल्यासारखं. आधी बंदराच्या आसपास रमतगमत फिरलो, मग उत्तरेला निवतीकडे तोंड करून ४५०० आरपीएमला सोडली. बोट पाण्यावर उचलली, जीपीएसवर १८ नॉट. निवतीच्या अलीकडे इंजिन तापल्याच्या अलार्मची शिट्टी वाजली. मागं बघतो तर टेलटेलमधून थेंब थेंब, तेही वाफाळलेले. हेड ९६ अंश. थ्रॉटल खाली आणला आणि दोन मिनिटांत शिट्टी बंद, धार पहिल्यासारखी. पुन्हा वाढवली, ३००० च्या वर गेली की धार मेली. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. चौथ्यांदा इंजिनाशी खेळायची हिंमत नव्हती. बोट फिरवली आणि १५०० आरपीएमवर, चार नॉटनं, परत वेंगुर्ल्याकडे.

त्या सव्वादोन तासांबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. १८ नॉटला किनारा नुसता सरकत जातो. चार नॉटला तो दिसतो. निवतीच्या किल्ल्याखालचा कडा, लाट आदळून मागं हटली की त्याच्या भेगांतून निथळणारं पाणी, त्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. एका वाडीसमोर सुकत घातलेल्या मासळीचा वास पाण्यावरून आला. सुरूच्या बनावरून समुद्री गरुड गेला, पंजात समुद्रसाप लोंबकळत होता. दाजींनी माझा खांदा दाबला, बोलले काही नाहीत. मग तीन डॉल्फिन आले, बोटीपासून वीसेक मीटरवर. त्यांचा श्वास सोडल्याचा फस्स आवाज मी पहिल्यांदा ऐकला. इतकी वर्षं ते बघतोय, पण आपल्या मोटरीच्या आवाजात तो कधी कानावरच पडला नव्हता.

आणि पूर्वेला सह्याद्री. पावसाळा धुऊन गेलेल्या हवेत सबंध रांग निळी उभी. आम्ही बेळगावकर हा घाट नेहमी वरून बघतो. आंबोलीच्या कठड्याला टेकायचं, खाली धुकं, आणि धुक्यापलीकडे कुठंतरी समुद्र असेल म्हणायचं. त्या दिवशी खालून, पाण्यावरून बघताना एकदम जाणवलं की आपलं घर त्या भिंतीच्या पाठीमागं आहे.

बंदराजवळ एका होडीवरच्या तांडेलमामांनी हात करून थांबवलं. "वारो फिरलो हा. आता सरळ आत येव नकात, ओहोटी आसा, वाळू लागतली." त्यांच्या सांगण्यावरून मांडवी खाडीच्या तोंडाबाहेर नांगर टाकून भरती चढायची वाट बघितली. त्यांनीच तिथीचा हिशेब पक्का करून दिला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे सहा, तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तास-पाऊण तास इकडंतिकडं होतं, पण मोबाइलला रेंज नसताना हा हिशेब फार कामाचा आहे.

आता मुख्य दुखणं. कमी आरपीएमवर पाणी येतं, जास्तवर येत नाही. पंप नवा, तळाची प्लेट गुळगुळीत, पाणी वर नेणाऱ्या तांब्याच्या नळीचं रबरी सील जागेवर. म्हणजे अडथळा वर, पॉवरहेडमध्ये, म्हणजे खुद्द इंजिनात. थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी पाण्याची झडप) काढायला त्याच्या झाकणाचे चार बोल्ट खोलायचे होते. ६ मिलिमीटरचे पोलादी बोल्ट, भोवती ॲल्युमिनियम, वर्षानुवर्षं खारं पाणी. ॲल्युमिनियम गंजलं की पांढरी पूड होते, ती फुगते आणि बोल्टला सिमेंटसारखी धरून ठेवते. दोन दिवस तेल सोडत राहिलो, गॅसच्या टॉर्चनं शेकत राहिलो. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळं शेकल्यावर पकड सैल होते. तीन निघाले. चौथा तुटला, तोही पृष्ठभागाच्या तीन मिलिमीटर आत.

मोटर स्टँडसकट टेम्पोत घालून उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत नेली. माझ्या हातात ईझी-आउट (तुटलेला बोल्ट फिरवून काढायचं हत्यार) बघून मेस्त्रींनी तो आधी काढून घेतला. "हे आत तुटलं तर ड्रिलपण चालणार नाही वो. ठेवा तिकडं." ते बरोबर बोलत होते. ईझी-आउटचं पोलाद इतकं कडक की तो आत मोडला तर साधं ड्रिल त्याच्यावरून नुसतं घसरतं. त्यांनी टिग वेल्डिंगनं तुटलेल्या बोल्टवर थेंब थेंब धातू चढवला, भोकाच्या वर आल्यावर त्याला एक नट वेल्ड केला आणि पाना लावला. पहिल्यांदा नट उखडला. दुसऱ्यांदाही. "गडबड करू नका, तापून गार होऊ दे की," म्हणत त्यांनी चहा मागवला. तिसऱ्या खेपेला बोल्ट चर्रर्र आवाज करत फिरला. आटे शाबूत! वेल्डिंगची उष्णता थेट बोल्टच्या गाभ्यात जाते, म्हणून जिथं टॉर्च हरतो तिथं हे चालतं. बोटीच्या कामाला बंदरावरच जावं लागतं असं मानणाऱ्यांनी एकदा उद्यमबाग बघावी. फाउंड्री आणि हायड्रोलिक्सची कामं करणारे हे हात आहेत. ओ-रिंग आणि सीलसुद्धा मापाचे तिथंच अर्ध्या तासात मिळाले. इम्पेलर मात्र कंपनीचाच घ्या. डुप्लिकेटचं रबर हाताला कडक लागतं, आणि माझी दोन पाती मोडली तो इम्पेलर डुप्लिकेटच होता.

थर्मोस्टॅट निर्दोष निघाला. आईच्या जुन्या पातेल्यात थर्मामीटर लावून तापवला, ५२ अंशांना उघडायला लागला, त्याच्यावर छापलंय तसाच. मग खालचा गिअरकेस उतरवून उलटं पाणी सोडलं: वरून थर्मोस्टॅटच्या भोकातून आत, खाली नळीच्या जागेतून बाहेर. पहिल्या दिवशी बारीक धार आणि मिठाचे पांढरे कण, एवढंच. रात्रभर पाणी घातलेलं व्हिनेगर भरून ठेवलं. मंगळवारी पुन्हा नळी लावली, मधूनमधून कॉम्प्रेसरची हवा हलक्या दाबानं मारली, आणि तो तुकडा टप्पकन बादलीत.

तो बसला होता तांब्याची नळी ब्लॉकमध्ये शिरते तिथं, वाकणावर. कमी पाण्यात आडवा पडून राहायचा, पाणी कडेनं जायचं. पंपाचा जोर वाढला की उभा राहून झडपेसारखं तोंड बंद करायचा. पिंपात मोटर कायम कमी आरपीएमवर चालते, म्हणून घरी प्रत्येक तपासणीत ती पास. नवा इम्पेलर बसवणाऱ्या प्रत्येकाला कळकळीनं सांगतो, जुन्याची पाती मोजा आणि प्रत्येक तुकडा हातात आल्याशिवाय केसिंग बंद करू नका.

झाकणाला नवे बोल्ट घातले, आट्यांना मरीन ग्रीस. तांब्याची पूड असलेलं अँटी-सीझ (बोल्ट अडकू नयेत म्हणून लावायची पेस्ट) ॲल्युमिनियमला वापरू नका, खाऱ्या पाण्यात ते गंज वाढवतं. गोड्या पाण्यानं धुतानाही मोटर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापू द्या, नाहीतर वरच्या वाटांमधलं मीठ तसंच राहतं. मी इतके दिवस पाच मिनिटांत आवरायचो.

रविवारी पुन्हा वेंगुर्ला. ४५०० वर सलग वीस मिनिटं, हेड ६२ अंश, धार हातभर. दाजींनी तीनदा गन लावून बघितली, तिन्ही वेळा ६२.

यंदाच्या हिवाळ्यात निवतीसमोरच्या खडकांवरच्या दीपगृहापर्यंत जायचं ठरलं होतं, ते आता मागं ठेवतोय. त्याआधी दक्षिणेला जायचंय, मोचेमाड, शिरोडा, रेडी करत तेरेखोलच्या मुखापर्यंत, आणि मुद्दाम पाच नॉटनं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडा मी फक्त रस्त्यावरून बघितलंय. रेडीचा यशवंतगड आणि नदीपलीकडून बघितलेला तेरेखोलचा किल्ला, दोन्ही समुद्रावरून कसे दिसतात ते बघायचंय. एवढ्या अंतरासाठी मागं ५ हॉर्सपॉवरची छोटी फोर-स्ट्रोक लावावी असं मनात होतं, पण हे लिहितानाच दुसरं सुचलं. अलार्म वाजतो तेव्हा उशीर झालेला असतो. थर्मोस्टॅटच्या झाकणावर सेन्सर बसवून समोर तापमानाचा काटा लावला तर ६५ च्या वर सरकतानाच कळेल. ट्रॅक्टरचा सेन्सर आणि डायल आपल्याकडं स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतो. झाकणाला आटे पाडायला पुन्हा मेस्त्रींकडंच जाईन. छोटी मोटर त्यानंतर बघू.

पुढच्या भांगाच्या भरतीला (अष्टमीच्या सुमाराची, कमी चढणारी) निघायचा विचार आहे. तेरेखोलच्या मुखाशी यंदा वाळू कुठल्या बाजूला सरकलीय, पावसाळ्यानंतर कोणी बघितलं असेल तर सांगा.