विकाऊ रोल्स २०/२५ : मालकांची यादी कशी वाचायची

जुन्या रोल्स-रॉईसच्या जाहिरातीत पहिल्याच ओळीला पहिल्या मालकाचं नाव असतं. कुणी लॉर्ड, कुणी कर्नल, नाहीतर एखादे महाराज. किंमत तिथेच चढते. गाडीच्या तब्येतीबद्दल मात्र सगळ्यात कमी सांगतो तो हाच मालक. त्याच्या पदरी शोफर होता आणि कंपनीची तीन वर्षांची हमी होती. गाडीची वाट लागते ती नंतर, आणि बहुतेक वेळा मालक होता पण गाडी उभी होती अशा वर्षांत.

२०/२५ हे मॉडेल १९२९ ते १९३६ या काळात डर्बीच्या कारखान्यात बनलं. सहा सिलिंडर, ३,६६९ सीसी. कंपनी फक्त चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांसकटचा सांगाडा, विकायची. बॉडी ग्राहकाने हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड अशा बांधणाऱ्यांकडून करून घ्यायची. प्रत्येक चासीचं कार्ड असायचं आणि ते आजही इंग्लंडमधल्या रोल्स-रॉईस एन्थुझिअ‍ॅस्ट्स क्लबकडून मिळवता येतं. कार्ड म्हणजे गाडीचा सातबाराच. मूळ ग्राहक, बॉडी कुणाची, स्टीअरिंगचा कल, मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर, गाडी शहरात फिरणार की लांबच्या प्रवासाला, हे सगळं त्यात येतं. पुढचे मालक कंपनीशी संपर्कात राहिले असतील तर त्यांचीही नोंद सापडते. विक्रेता कार्डाची प्रत दाखवायला टाळाटाळ करत असेल तर पाणी मुरतंय असं समजा.

कार्डावरचा चासी नंबर फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पडद्यावरच्या) पट्टीशी जुळला म्हणून खूश होऊ नका. पट्टी स्क्रूंवर असते, हलवता येते. चासीवर ठोकलेला नंबर आणि क्रँककेसवरचा (इंजिनाच्या खालच्या खोक्यावरचा) इंजिन नंबर, दोन्ही कार्डाशी ताडून बघा.

आता मधली वर्षं. दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू झालं, १९४२ मध्ये खासगी गाड्यांचा मूळ कोटाच बंद झाला, आणि रेशनिंग उठलं ते थेट मे १९५० मध्ये. म्हणजे त्या काळातला मालक कागदावर मालक, गाडी ठोकळ्यांवर. थंड ठेवणारं पाणी इंजिनाच्या ब्लॉकमध्येच राहिलं. गंज आणि गाळ मागे सरकून सगळ्यात मागच्या, सहाव्या सिलिंडरभोवती बसला. हा गाळ आजही कित्येक इंजिनांत तसाच आहे. रेडिएटर नवा चकचकीत असला तरी मागचा भाग तापतो आणि सिलिंडर हेडला तडा जातो. तपासणी सोपी आहे: इंजिन अर्धा तास चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने पहिल्यापासून सहाव्या सिलिंडरपर्यंत ब्लॉकचं तापमान मोजत जा. मागे तापमान एकदम उडी मारत असेल, तर वॉटर जॅकेटचं (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीचं) बाजूचं झाकण उघडून गाळ खरवडण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

दुसरा गाळ तेलाचा. क्रँकपिन, म्हणजे क्रँकवरचे पिस्टनचे दांडे जोडायचे खुंट, पोकळ असतात आणि जुन्या, डिटर्जंट नसलेल्या तेलाचा चिखल त्यांच्यात साठतो. नवा मालक उत्साहाने आधुनिक डिटर्जंट तेल ओततो, चिखल सुटतो आणि बेअरिंगच्या तेलवाटा बुजवतो. क्रँक उघडून साफ केल्याची पावती मागा. नसेल तर ते काम झालेलं नाही असंच धरा.

ब्रेक उभ्या गाडीत दाबून काही कळत नाही. सर्व्हो, म्हणजे ब्रेकला जोर देणारी यंत्रणा, गिअरबॉक्सवरून फिरतो, गाडी चालली तरच तो मदत करतो. रिकामा रस्ता शोधा. दमदार पेडल मारूनही गाडी रेंगाळत थांबत असेल तर सर्व्होच्या लायनिंगवर तेल गेलं असण्याची शक्यता मोठी.

युद्धानंतर या गाड्या कवडीमोल झाल्या. कित्येक लिमोझिनच्या शववाहिका झाल्या, पुढे बॉडी काढून उघड्या टूरर बनवल्या गेल्या. कार्डावर हूपरची लिमोझिन आणि समोर टूरर असेल तर किंमत अस्सल टूररची देऊ नका. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, टेपने मोजा: १२९ किंवा १३२ इंच. कमी भरला तर चासी कापलेली आहे. जुनी बॉडी असेल तर दाराच्या खांबांचं खालचं लाकूड (ते अ‍ॅश नावाच्या झाडाचं असतं) स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. अ‍ॅश तिथूनच कुजतं. पॉलिश बघण्यात तास घालवणारे लोक दारांखाली वाकतच नाहीत, हे एक कोडंच आहे.

भारतातल्या गाडीला ‘महाराजांची’ हे विशेषण फुकट चिकटतं. राजकोटच्या ठाकोरसाहेबांची १९३४ची रोल्स फँटम २, ‘स्टार ऑफ इंडिया’, परदेशात जाऊन २०१० मध्ये पुन्हा त्याच घराण्याकडे आली. तिच्या मालकांची साखळी सिद्ध आहे. बाकीच्यांनी कार्ड दाखवावं.

कागदोपत्री, पन्नास वर्षांपुढच्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला मनाई. आरसी बुकात नाव आजोबांचं आणि विकतोय नातू, असं असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.