किल्ली निघाली, पण दोष पावसाचा नव्हता

१९ दिवस हॅट कालबुतावर, म्हणजे हॅटला आकार देणाऱ्या लाकडी साच्यावर, अडकून होती. गुरुवारी रात्री पावणेअकराला किल्ली, म्हणजे साच्याचा मधला तुकडा, हातात आली आणि पाठोपाठ चारही तुकडे एकेक करून आत ढासळत बाहेर निघाले. हॅट शाबूत आहे. माथ्यावर रुपयाएवढा एक कडक डाग पडलाय, त्याचं पुढे सांगतो.

कॅम्पातल्या बंगल्याच्या भंगारातून आणलेलं पाच तुकड्यांचं कालबूत मी जूनमध्ये साफ करून, लाखेचं पॉलिश मारून दाखवलं होतं, ते आठवत असेल. त्याच्या बुडाशी ७ हा आकडा ठोकलाय आणि फीत लावली की घेर बरोबर ५७ सेंमी भरतो. इंग्रजी मापात ७ म्हणजे ५७च. अमेरिकी असतं तर त्याच घेराला ७ १/८ लिहिलं असतं. म्हणजे हे छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या काळातलं असावं, हा माझा अंदाज आणखी पक्का झाला.

त्यावर पहिली हॅट चढवली, ती मेंढीच्या लोकरीच्या फेल्टची (दाबून घट्ट केलेल्या नमद्याची). मुंबईहून मागवलेला हूड (आकार न दिलेली कच्ची हॅट) कडेला जाड आणि माथ्याला पातळ निघाला. त्या विक्रेत्याकडून मी आता काही घेणार नाही. लोकरीचा फेल्ट सशाच्या फेल्टपेक्षा हट्टी असतो, वाफ जास्त मागतो, म्हणून मीही भरपूर दिली. दोरी बांधली आणि त्याच भंगारात मिळालेल्या, चांभाराचं हत्यार समजून बाजूला ठेवलेल्या खाचेच्या लाकडी फळीनं ती खाली ढकलत नेली. ती फळी म्हणजे रनर-डाऊनच, हॅटची दोरी खाली सरकवायचं हत्यार! क्राऊन (डोक्यावरचा भाग) आणि ब्रिम (भोवतालची कड) जुळतात त्या रेषेवर दोरी चहूबाजूंनी सारखी बसली. बोटांनी ढकलताना ती दरवेळी एका बाजूला चढायची. हे हत्यार हातात बसल्यावर मी दहा मिनिटं नुसता त्या रेषेकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी फेल्ट वाळला, आणि किल्ली हलेना.

या कालबुताचा माथा तोंडापेक्षा रुंद आहे, त्यामुळे मधली किल्ली खाली ओढल्याशिवाय हॅट निघणं शक्य नाही. बाहेर श्रावणाची झड, घरात पापडसुद्धा मऊ पडलेले. लाकूड फुगलं असणार, यात मला शंका वाटली नाही. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेनं फुगतं आणि किल्लीची दोन्ही अंगं नेमकी आडवी आहेत. कपाटात ६० वॅटचा दिवा लावला, खाली सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या आणि ११ दिवस वाट बघितली. काही नाही. मग लाकडी हातोडीनं वरून ठोकलं, त्यात किल्लीच्या खालच्या कोपऱ्याची ढलपी उडाली. त्या रात्री झोप लागली नाही. शंभर वर्षं कुणी ना कुणी सांभाळलेली वस्तू माझ्या हातून फुटत होती.

मग जूनमधली वही काढली. किल्लीची रुंदी बुडाशी ३८.४ मिमी, अशी नोंद होती. व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावला, तर आताही ३८.४. म्हणजे ती फुगलेलीच नव्हती!

वडगावच्या सुतारमामांकडे कालबूत तसंच हॅटीसकट घेऊन गेलो. त्यांनी उलटं करून फटीत नख घातलं, पिवळट कपची काढली, वास घेतला. "ठोकू नगा. फुगलं न्हवं ह्ये, चिकटलंया. आतनं पॉलिश कुणी मारलं?"

मीच मारलं होतं. बाहेरून, आतून, सगळ्या सांध्यांना, तीन हात. लाख साधारण ७५ अंशांना मऊ होते आणि वाफ १०० अंशांची. वाफेनं सांध्यांतली लाख वितळली, थंड होताना पाचही तुकडे एकमेकांना धरून बसले. शहापूरच्या एका सोनाराला मी दागिना लाखेवर बसवताना कितीदा बघितलंय. तो तापवून बसवतो आणि काम झालं की पुन्हा तापवून सोडवतो. हे सगळं डोळ्यांसमोर असताना माझ्या लक्षात आलं नाही. ज्यांनी माझं बघून आपली कालबुतं आतून पॉलिश केली असतील, त्यांनी पुढची वाफ देण्याआधी सांधे स्पिरिटनं पुसून काढा, ही कळकळीची विनंती.

आधी सुईनं फटीत स्पिरिटचे थेंब सोडले. तोंडापाशी लाख सुटली, आत पोचण्याआधी स्पिरिट उडून गेलं, आणि जे पोचलं ते लाख घेऊन थेट माथ्याच्या फेल्टमध्ये उतरलं. तो डाग तिथला. मग हेअर ड्रायर लावला. एवढ्या जाड लाकडात त्याची ऊब आतपर्यंत जात नाही.

शेवटी सोनाराचीच रीत मोठ्या प्रमाणावर करायची ठरवली. आमच्या ओळखीच्या एका बेकरीवाल्या अण्णांची भट्टी पाव निघाल्यावर रात्री हळूहळू निवते. ते म्हणाले, "या नवानंतर, पण वास आला तर मी बाहेर काढणार." काट्यावर ९५ अंश बघून, सुती धोतरात गुंडाळलेलं कालबूत आत ठेवलं. दीड तासानं काढलं, खालच्या भोकात लोखंडी आकडा अडकवून दोघांनी ओढलं. पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला एक ओलसर 'चट्' आवाज झाला आणि किल्ली सरळ खाली सरकली. अण्णांनीच पहिल्यांदा टाळी वाजवली.

एका बाजूच्या तुकड्याला केसाएवढी चीर गेली आहे, पण ती वाफेच्या कामाला आड येणार नाही. किल्लीच्या तुटलेल्या कोपऱ्याला मामा शिवणीच्या लाकडाचा तुकडा बसवून देणार आहेत. शिवण हलकी आणि पावसाळ्यातही फारशी न हलणारी. पांढरा डिंक वाफेत मऊ पडतो, म्हणून सोबत बांबूच्या दोन खुंट्या ठोकायच्या ठरल्या आहेत. सांधे आता कोरे आहेत, त्यांवर फक्त शंखजिऱ्याची पूड चोळली. मेणबत्तीचं मेण काहीजण सुचवतात. मला ते पटत नाही, कारण वाफ लागली की मेण पाझरून फेल्टला तेलकट डाग पडणार.

ब्रिम कडक करायला लाखेचंच द्रावण वापरायचं ठरलं होतं, आणि इथवर लिहीपर्यंत तोच बेत होता. आता वाटतंय, धनगर घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तीच ब्रिमला का देऊ नये? चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, दळायचे, पाण्यात शिजवायचे. आपल्या हवेत ती कितपत टिकेल, हे बघायला हवं. माथ्यावरचा डाग मधल्या चुणीत लपेल, त्याचं आता दुःख नाही. 

एक सांगायचं राहिलं. त्याच भंगारात सशाच्या फेल्टची एक जुनी हॅट मिळालीय, तिला वाफ देऊन सरळ करा, असं दोघांनी सुचवलं. मी देणार नाही. पूर्वी सशाची लोकर विषारी पाऱ्याच्या क्षारानं तयार करत. अमेरिकेत ते थेट १९४१ मध्ये बंद झालं. तिला काचेत ठेवणार.

आत्ता उठून खळ शिजवली आणि हुडाच्या कापून उरलेल्या तीन पट्ट्या व्हरांड्यात पागोळ्यांजवळ टांगल्या. एक लाखेची, एक खळीची, एक कोरी. दोन तासांनी बोटानं दाबून बघितलं. लाखेची कडक आहे, पण तिच्यावर पांढुरकी साय धरलीय. खळीची थोडी मऊ पडलीय, वाक मात्र सोडलेला नाही. चार दिवस तिथंच राहू देतो.